बिनविरोध नको

आमच्या शाळेत विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ असतं. कागदावर. दरवर्षी गणपती झाले की मुख्याध्यापक वर्गावर येऊन बोट दाखवत जातात, "तू मुख्यमंत्री, तू पाणीमंत्री, तू स्वच्छतामंत्री." फोटो निघतो, वर पाठवला जातो, आणि पुढे वर्षभर स्वच्छतामंत्र्याच्या वाट्याला मैदानातली कुरकुऱ्यांची पाकिटं उचलणं येतं. मुलं शाळेची जबाबदार नागरिक व्हावीत, असा या उपक्रमाचा उद्देश आहे.

हे बघून बघून माझं डोकं उठलं होतं. मागच्या वर्षी मी म्हटलं, निवडणूक घेऊ. खरी. मोबाइलवर मतदानाचं मशीन उतरवून घेता येतं. चित्रासमोरचं बटण दाबलं की अगदी खऱ्यासारखं पीं वाजतं.

"नसती कटकट आहे, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले.

"कटकट मी करते. तुम्ही फक्त फोटोत या," मी म्हटलं. ते लगेच तयार झाले.

मुख्यमंत्रिपदासाठी सातवीतून दोन नावं आली. एक शाळा समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या. उंच, बोलका, वर्गाचा मॉनिटर. दुसरी टेकडीपलीकडच्या तांड्यावरून येणारी मुलगी. ही वर्गात कधी हात वर करत नाही. शिवाय दिवाळीच्या आसपास आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाते ती होळीनंतरच परत येते, तोवर अर्धं विसरलेली असते. तिकडे तिचं काम एकच, आई-बाप फडात असताना धाकट्या भावाला सांभाळणं. आजी तांड्यावरच असते, पोरीला तिच्याजवळ ठेवा, असं मी तिच्या बापाला दरवर्षी सांगत आले. तो दरवर्षी "पाहू ना, मॅडम" म्हणतो आणि तिला ट्रकमध्ये बसवतो.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांची मोटरसायकल फाटकात हजर. आमच्या गावची ग्रामपंचायत वर्षानुवर्षं बिनविरोध होते, आणि गावाला त्याचा फार अभिमान आहे. सभामंडपात बसायचं, एकाला सरपंच करायचं, दुसऱ्याची उपसरपंचपदावर समजूत काढायची, नारळ फोडायचा. झाली लोकशाही.

"मॅडम, कायले पोरायमंधी भांडणं लावून राह्यल्या?" ते म्हणाले. "आमी अख्खं गाव बिनविरोध करतो, अन् तुमी शाळेत फाटे फोडता."

"भाऊ, मुलांना मतदान शिकवायचंय."

"शिकतीन ना अठरा वर्षाचे झाले की! अन् ते पोट्टी तं दिवाळीले चालली जाईन. मंग मुख्यमंत्री काय सांगलीहून कारभार पाहीन?"

हे शेवटचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मुख्याध्यापकांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर नारळ तयार होता. कोणी आणला ते मी विचारलं नाही.

"बेटा, तू नाव मागे घे," सर तिला म्हणाले. "तुला उपमुख्यमंत्री करू."

"उप नाही पायजे." नजर फरशीवर.

"बरं, मग आरोग्यमंत्री?"

"नाही."

"काहून वं पोरी, एवढी अडून बसली?" अध्यक्षांनी विचारलं. बोलला तो पुतण्या.

"काका, मलेबी बिनविरोध नाही पायजे."

"आता तुले काय झालं बे?"

"बिनविरोध झालं तं मशीन वाजत नाही. सारे पोट्टे मले मारतीन."

खिडकीला डोकी चिकटलेली होतीच. "हाव, मशीन पायजे! मशीन पायजे!" असा गलका उठला. अध्यक्षांनी नारळ उचलून पिशवीत टाकला आणि ते निघून गेले. आमच्या शाळेत लोकशाही आली ती त्या पींपायी. मी त्याचं श्रेय घेत नाही.

प्रचाराच्या आधी मी एक दुपार खर्च करून हक्क, कर्तव्य, पद कशासाठी असतं, सगळं फळ्यावर लिहून समजावलं. पुतण्याने भाषणात नवीन बॅट आणि खिचडीत रोज आलू देण्याचं वचन दिलं. टाळ्या. मग ती उठली.

"मी निवडून आली तं बाप मले नेणार नाही. मंत्र्याले कसं नेईन? हारली तं नेईन." एवढं बोलून खाली बसली.

माझा पारा चढला. "असं नसतं. ऊठ. शाळेसाठी काय करशील ते सांग."

"राहीन ना, मॅडम."

पद स्वतःच्या सोयीसाठी नसतं, हे मी पुन्हा एकदा पूर्ण वर्गाला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. ती भरपूर मतांनी निवडून आली. मी शिकवलं त्याच्या बरोबर उलटं उमेदवाराने केलं आणि उलटंच मतदारांनी. पहिला निर्णय म्हणून तिने पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवायला लावलं. बरं, तेवढं तरी.

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आणि ती शाळेत यायची थांबली. तांड्यावर गाठोडी बांधणं चालू आहे, अशी बातमी आली. त्याच दुपारी खिचडीनंतर मी सातवीवर गेले तर वर्गात नुसती दप्तरं. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. मी स्कूटी काढली ती थेट तांड्याकडे. त्या रस्त्यावर स्कूटी चालवणं म्हणजे स्कूटीची आणि कमरेची दोघींची परीक्षा.

सगळा वर्ग तिच्या अंगणात बसलेला. सीताफळं खाणं जोरात, बिया चहूकडे. तिचा बाप कमरेवर हात ठेवून उभा.

"हे काय, मॅडम? मोर्चा आणला का माह्या दारात?"

"मी नाही आणला. मलाही विचारलं नाही यांनी."

पुतण्या पुढे सरसावला. "काका, ते आमची मुख्यमंत्री हाय. तुमाले असं नेता येत नाही."

"बाप तू हाय का मी?"

"बाप तुमीच. पण मतं आमी देल्ली."

बापाला हसू आलं. ते गिळून त्याने धाकट्याकडे बोट दाखवलं. तो सीताफळात नाकापर्यंत बुडालेला. "अन् फडात याले कोन पाहीन? तुमचं मंत्रिमंडळ?"

मागून एक मुलगी म्हणाली, "त्यालेबी इथंच राहू द्या ना. इथं अंगणवाडी हाय."

"अंगणवाडी दुपारी सुटते," आई दारातून म्हणाली.

"मंग दुपारून मी काय मेली हाव?" आत सोयाबीन पाखडत बसलेली आजी ओरडली. "मले कोनी इचारूनच नाही राह्यलं!"

बापाने जमिनीवरच्या बिया पायाने बाजूला सारल्या. "पाहू," तो म्हणाला. हे पाहू मला तोंडपाठ होतं. मी निघायला वळले.

"पाहू नोका म्हणू," त्याची मुलगी म्हणाली. "हाव म्हणा, नाही तं नाही म्हणा."

आपल्या बापाशी ती सगळ्यांदेखत असं बोलली. आजीचं सूपही थांबलं. बाप तिच्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे. ती पदराने डोळे पुसत होती, पण तिने मान हलवली.

"हाव," तो म्हणाला. "पण लहाना बिमार पडला तं दोघायले घेऊन जाईन."

परतीच्या वाटेवर मी वर्गाला शाळा येईपर्यंत फैलावर घेतलं, आणि शाळेत मुख्याध्यापकांनी मला. परवानगी नाही, कोणाला साप चावला असता तर, विहिरीत पडला असता तर. सगळं बरोबर होतं.

सुट्ट्यांनंतर हजेरी घेतली. ती होती. तांड्यावरची बाकीची बहुतेक मुलं नव्हती. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, बाकीचे तं गेले."

"हो. गेले."

"त्यायच्या घरी आपण गेलोच नाही."

"ते निवडून आले नव्हते," मी म्हटलं. मला वह्या तपासायच्या होत्या.

"मंग पुढच्या वर्षी सगळ्यायलेच मंत्री करा. अन् दिवाळीपर्यंत थांबू नोका. मुकादम पोळ्यालेच येऊन तोडीची उचल देऊन जाते."

"एवढी खाती मी कुठून आणू?"

"ते तुमी पाहा," ती म्हणाली. "मी मुख्यमंत्री हाव."