अँप्लिफायरचा कौल

रेडीच्या बंदरात खनिज बार्जवर चढवणारा जो लांब पट्टा आहे, त्याच्या देखभालीचे काम सुदेशकडे होते. दिवसभर त्या पट्ट्याचा खडखडाट कानांत साठवून घरी आलेल्या माणसाला काही काळ कोणताच आवाज नको असेल, असे कुणालाही वाटेल. सुदेशला मात्र हातपाय धुतल्याबरोबर गिटार हवी असे. ती इलेक्ट्रिक गिटार त्याने तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी घेतली होती आणि त्याच ऑर्केस्ट्रात गाणारी बांद्याची सारिका पुढे त्याची बायको झाली. ऑर्केस्ट्रा कधीच मोडला. मालकाने स्पीकर विकून मासळीचा टेम्पो घेतला. या दोघांचे गाणे मात्र घरात राहिले. सारिका घरापुढच्या खळ्यात पाटावर बसून गाई आणि सुदेश तिच्या मागून वाजवी. गाणाऱ्याच्या मागून वाजवणे ही नुसती कला नव्हे, एक प्रकारचे आचरण आहे. दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचे, तो अडखळला तर सावरून घ्यायचे आणि आपण सावरले हे कुणाला कळू द्यायचे नाही. बाकी आयुष्यात फारसे काही न साधलेल्या सुदेशला एवढे साधले होते.

एकच गोष्ट त्याला सलत होती. त्याचा अँप्लिफायर हलक्या जातीचा होता आणि त्यातून गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजे. सारिकाचा आवाज जाडसर आणि उबदार होता. त्या आवाजाखाली हा पत्रा घालताना त्याला लाज वाटे. फार वर्षांपूर्वी गोव्यातल्या चर्चच्या एका फेस्ताला त्याने व्हॉल्व्हचा, म्हणजे ज्याला ट्यूब अँपही म्हणतात तो, अँप्लिफायर ऐकला होता. आत काचेच्या नळ्या तापून लाल होतात आणि मग तारेचा आवाज असा निघतो, की जणू तोही कुणाच्या तरी छातीतून येत आहे. तेव्हापासून त्याच्या मनाने ते घेतले होते. ऐपतीने घेतले नव्हते.

कार्तिकात सारिकाच्या गळ्यात गाठ निघाली. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. गाठ काढावी लागेल आणि आवाजाची शीर तिला अगदी चिकटून जाते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आवाज जाईलच असे नाही, पण राहीलच अशी हमी देता येत नाही. ऑपरेशनचा नंबर शिमगा झाल्यावर लागणार होता. परतीच्या एसटीत, गोव्याची हद्द संपून सातार्डा मागे पडल्यावर सारिका म्हणाली, "ऑपरेशनाआधी एक सांज आपण गाव्या. खळ्यात. मोजकीच माणसा बोलवया. माका गावची हत ती सगळी गाणी गावन टाकतंय."

"गाव्या," सुदेश म्हणाला. "पण ह्या डब्यार नको. व्हॉल्व्हचो अँप घेव्या."

"डब्याक काय धाड भरली हा? इतकी वर्सा त्याच डब्यार गायलंय मा?"

"म्हणानच नको."

ती हसली. तिला वाटले, दोनचार दिवसांचा प्रश्न आहे.

बांद्यात गंगारामचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ संपले तसा तो गोव्यातल्या हॉटेलांतले जुने अँप्लिफायर आणून दुरुस्त करून विकू लागला होता. त्याने सुदेशपुढे दोन नग मांडले. एक नवाकोरा, पाच वॅटचा, मांडीवर घेता येईल एवढा. दुसरा जुना, तीस वॅटचा, दोन माणसांनी उचलावा असा.

"ह्यो बारको गोड आसा," गंगाराम म्हणाला. "हळू वाजवलंस तर मध. पण जरा वाढवलंस काय फाटता, गुरगुरता. एकटो वाजवणाऱ्यांका ती गुरगुरच व्हयी आसता. तुझी बायल गायतली, तिच्या गळ्याखाली गुरगुर कशी चलात?"

"आनि ह्यो?"

"ह्यो रेडो. फाटूचो नाय, निवांत ओढीत. रेडीच्या माणसाक रेडोच शोभता." स्वतःच्या विनोदावर तो मनसोक्त हसला. "पण ह्येचे मोठे दोन व्हॉल्व्ह गेलेत. ते जोडीचे लागतत, एकाच मापाचे. मुंबयसून मागवूक व्हये. आनि बसवले म्हणजे झाला असा नाय, मोजून जुळवचे लागतत."

बारका तयार होता, पण त्यात सुदेशची सगळी पुंजी जात होती. मोठा निम्म्यात मिळत होता, मात्र व्हॉल्व्ह येईपर्यंत थांबणे आले. सुदेश दर रविवारी बांद्याला जाई, बारक्यावर तासभर वाजवी, मोठ्याच्या पोटात डोकावून बघे आणि तसाच परत येई. घरी सारिकाला समजावून सांगे. ती ऐके.

"ट्यूब अँप ट्यूब अँप म्हणतात तो ह्योच काय?" तिने एकदा भाजी चिरता चिरता विचारले. "माका वाटला, गाडयेचे ट्यूब घेवन पोरा पाण्यात उडये मारतत, तसला कायतरी. म्हटला, ह्येंका आता पोहूची हौस इली."

"तुका मस्करी सुचता."

"मगे काय करू? तुमी बारको घेवा नायतर मोठो घेवा. नायतर डबो लावा. माका फक्त वार सांगा, म्हणजे माणसांका सांगूक बरा."

वार त्याला सांगवत नव्हता. पैशाचा अडसर खरा होता, वॅटचा पेच खरा होता. पण त्या दोहोंच्या आड तिसरे काहीतरी दडून बसले होते, आणि ते सुदेशने स्वतःलाही दाखवले नव्हते. अँप्लिफायर ठरला की सांज ठरणार, सांज झाली की गाणे संपणार आणि मग राहणार ते ऑपरेशन. निवड लांबवली तेवढे तिचे गाणेही लांबते, असा काहीसा हिशेब त्याच्या मनाने त्याच्या नकळत मांडला होता. माणूस ज्या गोष्टीला भितो तिच्याशी न झगडता तिच्या शेजारच्या एखाद्या लहान गोष्टीशी झगडत बसतो. लोक त्याला चोखंदळपणा म्हणतात.

माघ सरता सरता सारिकाने त्याला रवळनाथाच्या देवळात धाडले. आपल्या बाजूला लग्न, घरभरणी, शस्त्रक्रिया, काहीही मोठे करायचे तर आधी देवाला कौल लावण्याची रीत आहे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणे घालून प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "ऑपरेशन करूक जावचा काय, तेवढा इचारून येवा," सारिका म्हणाली. "देवान हो म्हटल्यान काय माका भय नाय."

दाजी गुरवांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि विचारले, "काय मागणा तुझा, झिला?"

सुदेशने वर पाहिले. दिव्याच्या उजेडात दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या ओलसर चमकत होत्या. डावी पडली तर घरी जाऊन काय सांगायचे? नाही पडली, उजवीच पडली, आणि तरीही तिचा आवाज गेला तर मग कुणाकडे बघायचे? त्याच्या तोंडून निघाले, "अँप्लिफायर घेवचो आसा. मोठो घेव काय?"

दाजी चमकले. "कसली पेटी ती?"

"आवाजाची. गिटारीक लावतत ती."

"देवाक पेटी इचारतंस? इचार बाबा. देवाक सगळा चलता." त्यांनी शांतपणे गाऱ्हाणे घातले. थोड्या वेळाने उजवी पाकळी अलगद सुटून पायांशी पडली. "उजवो दिल्यान. घे मोठी. आनि काय इचारूचा आसा?"

"नाय," सुदेश म्हणाला.

घरी सारिका दारातच उभी होती. "काय सांगल्यान?"

"उजवो दिल्यान."

तेवढेच तो बोलला, आणि ते खोटे नव्हते. तिने डोळे मिटून हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जे काही सैल झाले, ते पाहून तो पुढचे वाक्य न बोलताच पाय धुवायला वळला. रात्री सांगू, असे त्याने ठरवले. मग सकाळी. दुसऱ्या दिवशी त्याने गंगारामला फोन केला आणि मोठ्यासाठी जोडीचे व्हॉल्व्ह मागवायला सांगितले.

व्हॉल्व्ह यायच्या आधी इस्पितळाचा फोन आला. एका रुग्णाचे ऑपरेशन पुढे गेले होते, नंबर रिकामा होता, परवा दाखल होता येईल काय? सुदेश तेव्हा बंदरावर होता. तो घरी आला तर सारिकाची पिशवी भरून ठेवलेली होती.

"मी हो सांगलंय," ती म्हणाली.

"आनि आपली सांज?"

"येवन गाव्या. देवान उजवो दिल्यान हा मा, मगे कित्या थांबूचा? तवसर तुमचो रेडो पण येयत."

सांगायचे असते तर ते त्या क्षणी सांगायला हवे होते. सुदेशने तोंड उघडलेही. पण ऑपरेशनला निघालेल्या बाईच्या हातातून तिचा एकमेव आधार काढून घ्यायचा हक्क आपल्याला आहे काय, हे त्याला ठरवता आले नाही. आणि तो आधार खोटा असताना तिच्या हातात राहू द्यायचा हक्क आहे काय, हेही. पाच वॅट आणि तीस वॅट यांत महिने घालवलेल्या माणसाला याचा निवाडा करायला एक संध्याकाळ मिळाली. ती त्याने पिशवीचा बंद शिवण्यात घालवली.

गाठ नीट निघाली. आवाज गेला. आवाजाची एक दोरी हलत नव्हती. काही महिन्यांत सुधारणा होऊ शकते, न झाली तरी बोलण्यापुरता आवाज बहुधा येईल, असे डॉक्टर म्हणाले. गाण्याविषयी ते काही बोलले नाहीत आणि यांनी विचारले नाही. सारिका आता फुसफुसत बोले. भांड्याचा आवाज झाला तरी तिचे शब्द त्यात बुडून जात.

चैत्रात गंगारामने व्हॉल्व्ह बसवून अँप्लिफायर टेम्पोतून घरी आणून दिला. नेहमी बडबडणारा हा माणूस त्या दिवशी पेटी ठेवून, पाणीसुद्धा न घेता निघून गेला. सुदेश पेटीला हात लावायला धजेना. शेवटी सारिकानेच खुणेने गिटार आणायला सांगितली आणि खळ्यात पाटावर जाऊन बसली.

नळ्या हळूहळू तापल्या. त्याने पहिली तार छेडली आणि त्याला कळले की निवड चुकली नव्हती. गंगाराम खरे बोलला होता. आवाज कुठेही फाटत नव्हता, खालून पसरून शांतपणे वर येत होता. गळ्याला वाट करून द्यावी असाच तो होता. सुदेशने तिच्या आवडत्या गाण्याची सुरावट घेतली आणि ती जिथे उचलत असे तिथे सवयीने थांबला. सारिकाचे ओठ हलले. तो पुढे गेला नाही, तिच्यासाठी थांबूनच राहिला. रिकाम्या जागेत पेटीची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तिने पदर तोंडाला लावला आणि त्याने बटण बंद केले.

तरीही तिचा धीर सुटला नव्हता. "देवान उजवो दिल्यान हा," ती कानाशी येऊन म्हणे. "आवाज येतलो. नारळ ऱ्हवलो आसा देवाचो. तो ठेवन येव्या." कौल मिळाल्यावर काम झाले की देवापुढे नारळ ठेवावा लागतो, ही रीतच आहे. सुदेशने आज बंदरावर पाळी आहे, उद्या ऊन आहे, अशा सबबी सांगितल्या. दाजींना आधी गाठून चार शब्द बदलायला सांगावे, असेही एकदा त्याच्या मनात आले. पण आपल्यासाठी देवासमोर खोटे बोला, असे त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? एका सोमवारी सारिकाच पुढे निघाली आणि तो मागून गेला.

दाजींनी नारळ हातात घेतला. गाऱ्हाण्यात ज्यासाठी कौल घेतला त्याचा उच्चार करावाच लागतो, आणि उभ्या असलेल्यांना दर वाक्याला रुकार द्यावा लागतो.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत..."

"व्हय म्हाराजा," सुदेश म्हणाला. शेजारी सारिकाचे ओठ आवाजाविना तेच म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकरान, सुदेशान, आवाजासाठी तुझो कौल मागलो हुतो..."

"व्हय म्हाराजा." सारिकाचे ओठ पुन्हा हलले, आणि या वेळी तिने मान खाली घालून हात घट्ट जोडले.

"गिटारीक लावची ती आवाजाची पेटी, मोठी घेव काय म्हणान इचारल्यान. तू उजवो दिलंस. पेटी घराक इली..."

सुदेशने रुकार दिला नाही. सारिकाचेही ओठ हलले नाहीत. तिने मान वर केली, आधी दाजींकडे पाहिले, मग त्याच्याकडे. दाजी क्षणभर थांबले, दोघांचे चेहरे पाहून काही उमगल्यासारखे त्यांनी गाऱ्हाणे घाईने आवरले आणि नारळ फोडला.

देवळाच्या पायऱ्या उतरून वाटेला लागल्यावर ती थांबली. तिचे ऐकायचे तर त्याला कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"तुमी भियालात?"

"होय."

"डावो पडलो असतो तर?"

याच प्रश्नाला भिऊन तर त्याने देवाला ते विचारले नव्हते.

"म्हणजे माझ्याविषयी देव काय बोलूकच नाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि राग असता तरी तो ऐकू येण्याइतका आवाज तिच्यापाशी उरला नव्हता. एवढे दिवस ती ज्याला धरून उभी होती, ते कधी नव्हतेच, एवढे ती शांतपणे समजून घेत होती.

"परत फिरूया," सुदेश म्हणाला. "दाजी आसत अजून. आता इचारूया. ह्या खेपेक मी खरा इचारतंय."

सारिकाने वाटेकडे तोंड फिरवले.

"आता काय इचारतलात?" ती म्हणाली, आणि चालू लागली.