तहान माझ्याकडं दे

गाठीसकट आईची डावी किडनी काढली. कॅन्सर बाहेर कुठं पसरलेला नव्हता. खरं तर त्या दिवशी मी पेढे वाटायला हवे होते, पण डॉक्टरांनी पुढचं सांगितलं आणि माझं मन पुन्हा धास्तावलं. उरलेली किडनी पुढं किती वर्षं आणि कितपत काम करील, याचा अंदाज वयावरून, बीपीवरून, रक्ताच्या तपासण्यांवरून बांधता येतो, असं ते म्हणाले. आईची ही किडनी आधीच थोडी दमलेली होती. "डायलिसिसची वेळ बहुतेक येणार नाही. पण हा अंदाज आहे, शब्द नव्हे. पाणी मात्र कधी तोडू नका," असं बजावून त्यांनी आम्हाला बदनापूरला घरी धाडलं.

आणि आईनं नेमकं पाणीच तोडायचं ठरवलं होतं. ऑपरेशनला आत नेताना ती गोदाकाठच्या आमच्या देवीला नवस बोलली होती: यातून उठले तर पाच मंगळवार तुझ्या दारात निर्जळ बसेन. जगण्यासाठी बोललेला नवस आता तिच्या एकुलत्या किडनीच्या जिवावर उठला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतले. ते गेले, तरी त्यांनी छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे अजून आमच्या माळ्यावर आहेत. देवीला मी मानत होते, आजही मानते. पण तिच्या नावानं बाईनं उपाशी-तहानलेलं राहावं, हे मला कधीच पटलं नाही. मी आईशी भांडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. तिचं एकच. "तुझ्या बापानं इतकी पत्रकं काढली, एक तरी वाचून मी उपास सोडला का? देवीनं तिचं केलं, मंग मी माझं करू न्हाई का?"

चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी घनसावंगीपर्यंत बसनं आणि पुढं जीपनं आम्ही देवळात पोचलो. दुपार होईतो आईचे ओठ सुकले, ती खांबाला टेकली. मी बाटली पुढं करायची, ती तोंड फिरवायची. शेवटी माझा तोल गेला. देवीकडं बघत मी ओरडले, "तहानलेल्या बाईचा जीव घेऊन तुला काय मिळणार आहे?" सभामंडपातल्या बायका वळून बघू लागल्या. मला रडू फुटलं. माझ्याजवळची सगळी भाषणं संपली होती. डोळे मिटून मी एवढंच म्हटलं, आता तूच बघ.

तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेली एक म्हातारी उठून आली. आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. "काय गं पोरी, देवीम्होरं सभा भरवून राह्यली का?" असं मला म्हणत ती आईजवळ बसली. सगळं ऐकून घेतलं. मग देवीपुढचं कुंकू आईच्या कपाळी लावलं. "बाई, तुझी तहान माझ्याकडं दे. मी सकाळपासून चहाबी पिलेली न्हाई. आज तुझ्या जागी मी बसते. तू पी."

"तुमी कोण, कुठल्या? माझ्यापायी कामून तहानलेलं ऱ्हायचं?" आई म्हणाली.

"कामून म्हंजी? तू देवीची, मी बी देवीची. आता पी जल्दी, न्हाई तर ही पोरगी पुन्हा भाषण करंल."

आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आणि तिनं बाटली तोंडाला लावली. घोटागणिक तिचा गळा हलत होता आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं.

दिवेलागणीपर्यंत म्हातारी आमच्याजवळ बसली. निघताना पाया पडावं म्हणून वळले, तर ती दिसली नाही. गुरवालाही ती ठाऊक नव्हती. ती कोण होती, यावर मी वाद घालणार नाही.

उरलेले चार मंगळवार आईच्या जागी मी निर्जळ बसले. आमच्या पत्रकांत हे बसत नाही, मला ठाऊक आहे. पण आईचं ओझं उचलायचं सोडून मी त्याला नुसती नावं ठेवत होते, हे त्या म्हातारीनं मला भाषण न करता दाखवलं.

वर्ष झालं. परवाची तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, "अंदाजापेक्षा बरं चाललंय." पुढच्या वर्षांचं कुणी सांगावं? औषध-पाणी सांभाळणं आमच्या हातात आहे, ते आम्ही करतो. त्यापुढचं मी देवीवर सोडलंय आणि मला झोप लागते.

आई आता देवळात गेली की पाण्याची बाटली आधी देवीपुढं ठेवते, मग तिथंच बसून ती संपवते. मी शेजारी बसते.