यंत्राला लागणारी वीज

माझ्या पीएच.डी.च्या खुल्या तोंडी परीक्षेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. जन्मभर त्यांनी घरोघरी फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. या परीक्षेत श्रोत्यांनाही प्रश्न विचारता येतो, असा नियम आहे. कोणी विचारत नाही, असा रिवाज आहे, कारण बाहेर उमेदवाराने सगळ्यांसाठी मागवलेले तर्रीपोहे थंड होत असतात.

माझा विषय साधा होता. नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात ठेवलं, तर अणुभट्टी आपली आपण चालत नाही. ओल्या लाकडांच्या चुलीसारखं तिला फुंकत राहावं लागतं. माझ्या आराखड्यात हे फुंकण्याचं काम शेजारचं एक यंत्र न्यूट्रॉनचा मारा करून करणार होतं. यंत्र बंद केलं की भट्टी विझली, म्हणून ती सुरक्षित. एवढं सांगायला मला पाच वर्षं लागली.

ते यंत्र स्वतः विजेवर चालतं. किती विजेवर, तो हिशेब मी केला होता आणि लॅपटॉपमध्येच ठेवला होता. आमच्याकडे अडचणीची गोष्ट शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनाला वाव’ या मथळ्याखाली घालतात. मार्गदर्शक सर म्हणाले, एक ओळ टाक. मी टाकली. पदवी हाती आली की प्रताप नगरच्या कॉलेजातली माझी तासिकांवरची नोकरी कायम होणार होती, त्यामुळे ती ओळ लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही.

बाहेरगावच्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही संदर्भसूचीबद्दल. मग श्रोत्यांपैकी कोणाला काही, असं म्हणत ते अर्धे उठलेही. बाबांनी हात वर केला.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “ते यंत्र चालवाले वीज किती लागते? अन् भट्टी देते किती?”

मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते. वाव आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. पण बाबांना आकडा खोटा सांगायची मला सवय नव्हती.

“लागते जास्त,” मी म्हणाले. “देते कमी.”

परीक्षक पुन्हा बसले. त्यांनी हिशेब मागितला, मी लॅपटॉप उघडून दाखवला. प्रबंध नामंजूर झाला नाही. या हिशेबाचं प्रकरण लिहून पुन्हा सादर करा, असं ठरलं. नोकरी त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली. तर्रीपोहे सगळ्यांनी खाल्ले, सरांनी दोनदा.

त्या दिवशी बेसाकडे घरी निघालो तेव्हा स्कूटर मी चालवत होते आणि बाबा मागे बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मनीषनगरच्या सिग्नलला थांबल्यावर मी मान न वळवता म्हणाले, “काहून विचारलं बाबा तुम्ही?”

“कोणीच तुले धड काही विचारून नव्हतं राहिलं वं,” ते म्हणाले. “म्हटलं, आपण सोपं विचारावं. हे तरी तुले येतच असन.”