सुकं माझं, ओलं तात्यांचं

साल १९४६, आश्विन महिना, कोरेगावच्या बाजाराचा दिवस. रक्कम सहा आणे, म्हणजे एका बाटलीभर मिक्श्चरची किंमत. हजर माणसं: दवाखान्याचे डॉक्टर, उसाचे बागायतदार बापूसाहेब, बाहेर बैलगाडीत त्यांची म्हातारी आई, बाकावरचे सात-आठ रोगी आणि मी. बापूसाहेबांनी बाटलीचं बूच काढलं आणि सगळं औषध माझ्या पायांवर ओतलं.

"धू त्येनं पाय," ते म्हणाले.

औषध लालसर होतं. ते मी केलं होतं. मी जातीनं महार.

त्या दवाखान्यात मी तीन वर्षं कंपाउंडरच्या हाताखाली होतो. तिथला रिवाज ठरलेला. सुकं माझं, ओलं तात्यांचं. तात्या म्हणजे जुने कंपाउंडर. खलात पूड घोटणं, पुड्या बांधणं, लादीवर मलम फेटणं ही कामं माझी. मिक्श्चर, म्हणजे पातळ औषध, फक्त तात्या करीत, कारण त्यात पाणी पडे. पाणी बाटतं, पूड बाटत नाही. माझ्या बोटांनी बांधलेली पुडी रोगी घरी नेई आणि पाण्याबरोबर गिळी. पाणी त्याच्या घरचं असलं म्हणजे झालं. हा हिशेब सगळ्या गावाला मान्य होता.

मला कंपाउंडरच्या परीक्षेला बसायचं होतं. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा दाखला लागे, की उमेदवारानं सर्व तऱ्हेची औषधं स्वतः केली आहेत. सर्व तऱ्हेची, म्हणजे मिक्श्चरसुद्धा. पास झालो असतो तर सरकारी दवाखाना होता, लष्करी इस्पितळ होतं, शहरातलं औषधांचं दुकान होतं. दाखल्यावाचून जन्मभर खल आणि बत्ता.

त्या आश्विनात तात्यांना हिवताप आला. डॉक्टरांनी खोलीत आडवा पडदा लावला, पाण्याची घागर मला दाखवली आणि म्हणाले, "तात्या येईपर्यंत भागव. कुणाला कळायचं नाही. तुझ्या दाखल्याचंही काम होईल."

मी भागवलं. माप चुकू दिलं नाही. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी मीच कातरून चिकटवी. गाव माझ्या हातचं पीत होतं. बापूसाहेबांच्या आईचा खोकलाही त्यातच उतरला.

बाजाराच्या दिवशी बापूसाहेब दुसरी बाटली न्यायला आले. औषध घेऊन निघाले होते. मग पथ्याचं काही विचारायला वळले आणि पडदा सारून आत आले. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता.

पुढचं वर सांगितलं आहे. एवढंच सांगायचं राहिलं की ओतण्याआधी त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि डॉक्टर म्हणाले, "मला कल्पना नाही, बापूसाहेब. यानं माझ्या माघारी हात लावला."

बाकावरून एक जण म्हणाला, "मंजी आमी बी बाटलो म्हना की. पैसं तरी परत द्या, डाक्टर." दोघं-तिघं हसले.

म्हातारी गाडीतून म्हणाली, "आरं, चार दिस पितीया मी. खोकला थांबलाय न्हवं."

"आय, तू गप," बापूसाहेब म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला. उद्या बापूसाहेबांसमोर पायरीवर डोकं टेक, चोरून केलं असं म्हण, मग दाखला देतो.

माझे वडील, आबा, पहिल्या लढाईत पलटणीत होते. त्यांना वाटे, मुलाच्या नावाचा एक सरकारी कागद घरात यावा. ते म्हणाले, "वाक रं लेकरा. वाकून हाड मोडत न्हाई."

मी म्हटलं, "मी चोरी केली न्हाई, आबा."

सकाळी उठलो तर आबा घरात नव्हते. दवाखान्यापाशी गेलो. आबा पलटणीतला जुना कोट घालून पायरीवर पालथे पडले होते. वर खुर्चीत बापूसाहेब, शेजारी डॉक्टर. आबा म्हणत होते, "पोरगं चुकलं, मायबाप. चोरून क्येलं त्येनं. पदरात घ्या."

माझ्या बापाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. कोटाची पाठ उसवलेली होती. आतली बंडी दिसत होती.

मी त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पडदा तुम्ही लावलात. घागर तुम्ही दाखवलीत. ह्या म्हाताऱ्याला खोटं बोलायला लावू नका."

डॉक्टर चष्मा पुसत होते. म्हणाले, "दाखला विसर आता."

"विसरलो," मी म्हणालो.

वाटेत आबा एकच वाक्य बोलले, "आता खायाचं काय रं?"

त्याच माघात आबा कफानं गेले. शेवटच्या आठवड्यात मी घरी त्यांच्यासाठी मिक्श्चर केलं. घोट घेऊन म्हणाले, "ग्वाड हाय." ते कुणी केलं हे ठाऊक असून ते पिणारा पहिला माणूस माझा बाप. त्यानं गुण आला नाही.

मी सांगलीला गेलो. एका जैन शेठच्या औषधांच्या दुकानात बाटल्या धुण्यापासून पुन्हा सुरुवात केली. जात पहिल्याच दिवशी सांगितली. शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक तुटलं तर नुकसान तुझ्या पगारातनं." मी कबूल झालो. शेजारच्या डॉक्टरांनी माझं काम पाहून दाखला दिला. १९४८ साली पास झालो. तो कागद बघायला आबा नव्हते.

पुढच्या वर्षी कोरेगावकडचा एक गृहस्थ दुकानात आला. मला ओळखलं. स्वतःसाठी पुड्या आणि मिक्श्चर डॉक्टरांकडून लिहून आणलं होतं. हळूच म्हणाला, "मिक्श्चर राहू द्या. पुड्या तेवढ्या द्या. पाणी घरचं घेईन."

मी म्हटलं, "पूड याच हातानं घोटलीय. घ्यायचं तर दोन्ही घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही."

आजारी मूल असेल तर मी हे बोलत नाही. जाणत्या माणसाला बोलतो.

त्यानं फळीवर ठेवलेले पैसे मी उचलून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याला हात पुढे करावा लागला. तो गेला.

महिनाअखेर शेठनी त्या गिऱ्हाइकाचे बारा आणे कापले. मी त्यांना सांगितलं, पुढच्या महिन्यातही कापा.