दारावरची घंटा आणि माहेरचा पाट

माझी उंची चार फूट अकरा इंच. या देशातले ओटे माझ्यासारखीसाठी बांधलेले नाहीत, हे मला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. हॉस्पिटलात पेशंटला भूल देताना मी पायाखाली स्टूल घ्यायचे, आणि लंडनजवळ पिनरच्या या घरात गेली तीस वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. पाट माहेरचा, जेवायला बसायचा. त्यावर पाय दिलेला आईला मुळीच खपला नसता. पण आईला कुठे इथल्या ओट्याशी झुंजायचं होतं?

मुलीने स्विस मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मला वाटलं, बँकेत असेल. कसलं काय. जावई इथेच ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर लिहितो आणि त्याचे वडील डोंगरउतारावर गाई पाळतात. व्याही माझ्यासारखेच एकटे, विहीणबाई लग्नाआधीच गेल्या. गेल्या वर्षी ईस्टरला ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. मी पुरणपोळ्या करत होते आणि ते टोपी मांडीवर ठेवून, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून आपल्या शेताची हकीकत सांगत होते. जावई भाषांतर करत होता.

पहिला पूर्वज म्हणे त्या शेतावर गडी म्हणून आला आणि मालकाच्या मुलीशी लग्न करून राहिला. त्याच्या नातवाच्या वेळी वीज पडून घर जळलं. आजूबाजूच्या लोकांनी एका उन्हाळ्यात लाकडं तासून ते पुन्हा उभं केलं. पुढे गुरांमध्ये रोग आला आणि गोठा रिकामा झाला. तेव्हा एका विधवा बाईने दोन वासरांवर सगळं परत जमवलं. त्यांच्याकडे शेत धाकट्या मुलाला मिळतं. बाप थकेपर्यंत थोरले आपापल्या वाटेला लागलेले असतात, धाकटा तेवढा हाताशी असतो. आमचा जावई धाकटा. तो मात्र हाताशी नव्हता, ब्रॅकनेलला होता. हे सांगताना व्याही खिडकीबाहेर बघत होते.

येताना त्यांनी एक पितळी घंटा आणली होती. गाईच्या गळ्यातली, पण चांगली दुधाच्या पातेल्याएवढी. हीथ्रोला तिच्यापायी अख्खी बॅग उपसावी लागली. तिच्या चामडी पट्ट्यावर शेत सांभाळणाऱ्या प्रत्येकाची आद्याक्षरं शिवलेली. मी लगेच विचारलं, यात त्या वासरंवाल्या बाईचं नाव कुठे आहे? व्याही बराच वेळ पट्टा उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, हे कधी मनातच आलं नाही. माणूस खरं बोलतो, एवढं मला तेव्हा कळलं.

निघताना त्यांनी ती घंटा मुलाच्या हातात दिली आणि दोन वाक्यं बोलले. त्यांचं जावयाने भाषांतर केलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी न विचारण्याची आयुष्यातली ती एकच वेळ असेल. मुलीचा-जावयाचा फ्लॅट लहान, म्हणून घंटा माझ्या जिन्याखालच्या कपाटात गेली.

मग गणपती आले. ऐन वेळी आमच्या आरतीच्या घंटेचा लोळा निखळून पडला. म्हटलं, घरात एवढी मोठी घंटा असताना अडायचं कशाला? काढली, चिंचेने घासून लखलखीत केली, हळदकुंकू वाहिलं. हातात धरायला फार जड, म्हणून बाहेरच्या दाराच्या चौकटीला टांगली. झेंडूची माळ घातली. संध्याकाळी मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात आली. व्याह्यांनाही आरती दिसू दे म्हणून मी हौसेने व्हिडिओ कॉल लावला आणि नातीला सांगितलं, वाजव. तिने दोन्ही हातांनी अशी वाजवली की समोरची शेजारीण खिडकीत आली.

फोनवर व्याह्यांनी टोपी काढली. मग डोळे पुसले. मी जावयाला म्हटलं, तुमचे वडील किती भाविक आहेत हो. जावई पांढराफटक पडला होता.

आरती कशीबशी उरकल्यावर त्याने सांगितलं. बाप घंटा धाकट्याला देतो. शेत घ्यायचं असेल तर धाकट्याने ती आपल्या दाराला लावायची आणि बापाला ऐकू जाईल अशी वाजवायची. घ्यायचं नसेल तर आवाज न करता परत पाठवायची. शेजारचा शेतकरी जमीन घ्यायला तयार होता, फक्त घंटेची वाट बघणं चाललं होतं. आणि ती मी वाजवून दाखवली होती, वर झेंडू घालून.

मुलगी माझ्यावर भडकली, आणि तिचं चुकलं नाही. मी म्हटलं, घोळ मी घातला, मीच निस्तरते, आत्ता फोन करून सांगते. खरं सांगायचं तर निस्तरायची मला फारच घाई झाली होती. जावई शेतावर गेला तर मुलगी जाणार, नात जाणार. मग शनिवारी या दारातून कोण येणार? मी पाट आणला, दारात ठेवला आणि घंटा उतरवायला वर चढले.

जावयाने माझा हात धरला. तो माझ्याकडूनच मराठी शिकलाय, अजून अडखळतो.

"आई, राहू द्या," तो म्हणाला. "पाच महिने मी ते कपाट उघडू शकलो नाही. आज आवाज ऐकला, आणि मला घरी जायचं आहे."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिला हे आधीपासून माहीत असावं. मी पाटावरून उतरले, जिन्यावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. मग मी इथे एकटीने काय करायचं, असंही विचारून टाकलं. नातीने मला मोदक आणून दिला.

पुढच्या रविवारी जावई फोन कानाला लावूनच माझ्या स्वयंपाकघरात आला. पलीकडे व्याही होते. शेत मुलाला दिलं की तिकडे म्हातारी माणसं मोठं घर सोडतात आणि अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायला जातात. व्याह्यांनी सामान हलवायला सुरुवातही केली होती. त्यांना माझ्याकडून दोन मापं हवी होती. माझा ओटा जमिनीपासून किती उंच आहे, आणि तो पाट किती जाड आहे.

मला काही उलगडेना. जावई ऐकत होता, मग त्याने फोन खाली घेतला.

"छोट्या घरात वरची खोली आणि वेगळं स्वयंपाकघर आहे," तो म्हणाला. "बाबा तिथे ओटा बांधतायत. म्हणतात, तुमच्या उंचीचा."

ईस्टरला तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसून हा माणूस शेताची हकीकत सांगत होता, आणि बघत होता पाटावरचे माझे पाय. मी टेप शोधली. ओटा मोजला, पाट मोजला, आकडे दोनदा तपासून सांगितले. वर जावयावरच खेकसले की नीट लिहून घ्या.

ही मंडळी वसंतात निघतील. मी जूनमध्ये जाईन आणि थंडी सुरू होईपर्यंत राहीन, पिनरचं घर काही सोडत नाही. घंटेच्या पट्ट्यावर त्या वासरंवाल्या बाईची अक्षरं शिवून घ्या, असं मी व्याह्यांना कळवलंय. पाटही बरोबर नेणार आहे, बसून जेवायला.