सोजरबाईच्या विहिरीतला मोगली हंडा

बाहत्तरचा दुष्काळ. सोलापुरात प्यायला पाणी नाही, तिथं नाटक कोण बघणार? कंपनीचे पडदे गुंडाळले आणि मी माचणूरजवळ बहिणीच्या गावी जाऊन राहिलो. शेजारी सोजरबाई. नवरा विहीर अर्धी खणून वारला होता. खड्ड्याला ओल लागली होती, पण खाली खडक. पुढं खणायला कुणी हात लावेना. दावणीला दोन बैल, नुसत्या बरगड्या. येत्या बाजाराला ते कसायाकडं जाणार, हे ठरलेलं. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायची.

त्या भागात एके काळी मोगलांची छावणी होती. लढाई आटोपून छावणी उठली, तेव्हा मोहरांचा हंडा कुठंतरी पुरला, असं म्हातारी माणसं सांगायची. आणि सोजरबाई पडली पायाळू! पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, यावर गावच्या पैसेवाल्या आबासाहेबांचा देवापेक्षा जास्त विश्वास. नारळ, लिंबं आणि गडी घेऊन ते भर दुपारी अंगणात हजर झाले.

"सोजरे, नीट बघ. पर खरं सांग."

अंजन घातलं. बाई घुमली, थरथरली, पदर सावरून उभी राहिली. अहाहा! रंगभूमीवर माझा जन्म गेला, असा प्रवेश पाहिला नव्हता. डोळे उघडून तिनं आधी बैलांकडं पाहिलं, मग खड्ड्याकडं बोट केलं.

"हंडा हितंच हाय. खडकाखाली."

कोंडीबा गडी म्हणाला, "अक्का, खडकाखाली पुरला कसा?"

"मोगल व्हते ते. तुज्यासारकं चिलीम वडत बसले न्हवते!"

आबासाहेबांच्या खर्चानं सुरुंग लागले. बाजाराच्या आदल्या दिवशी खडक फुटला आणि पाणी उसळलं.

आबासाहेब नाचायचेच बाकी. "हंड्याचा राखणदार पाणी सोडतोय! म्हंजी हंडा जवळ आला."

त्यांनी इंजिन बसवलं. पाणी उपसायचं, थोडं खणायचं, की पुन्हा पाणी चढायचं. उपसलेलं पाणी आधी बैलांच्या दोणीत, मग गावाच्या घागरींत. बाजार झाला, बैल दावणीलाच राहिले.

पुढं पाऊस झाला, विहीर तुडुंब भरली. मी नाटकाच्या दौऱ्यातून आलो, की आबासाहेब काठावर बसलेले दिसत. सोजरबाई चहा आणून देई.

"हंडा असंल न्हवं गं?"

"हाय की, आबासाहेब. पाणी आटलं की काढू."

हे ती इतक्या गंभीरपणे म्हणे, की मीही वाकून तळाशी बघायचो.