पाटीवरचं डांबर

स्टेशनची ती काळी पाटी आजही आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या स्टेशनचं हे प्रकरण. रेल्वे आली तेव्हा जमीन गेली एका गावची आणि पाटीवर नाव लागलं नदीपलीकडच्या मोठ्या गावाचं. तेव्हापासून दोन्ही गावांत धुसफूस. एका सकाळी पाटीवरचं नाव काळं फासून मिटवलेलं सापडलं. हद्द रेल्वेची, पण दोन गावं भिडतील म्हणून तपासात आम्ही स्थानिक पोलीसही आलो.

तिसऱ्या दिवशी खबर मिळाली. देणारे जमीन गेलेल्या गावचेच एक निवृत्त गुरुजी. स्टेशनचा आणि गावाचा इतिहास लिहीत होते. त्यांनी बौद्धवाडीतल्या एका तरुणाचं नाव घेतलं. पहाटे डबा घेऊन त्याला फलाटावर पाहिलं, म्हणाले. त्या तरुणाला नुकतीच मुंबईत सरकारी नोकरी लागली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेलीच.

त्याला चौकीवर आणलं आणि आधी हात बघितले. स्वच्छ होते. डांबर रॉकेलने धुतलं असणार, असं मी धरून चाललो. तीन तास फिरवून फिरवून तेच विचारलं. शेवटी तो म्हणाला, "साहेब, ते डांबर नाय. काजूच्या टरफलांचं तेल आहे. वाळवी लागू नये म्हणून घराच्या वाशांना लावतात. हाताला लागलं तर कातडी सोलते."

तुला कसं ठाऊक, म्हणून मी दरडावलं. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणाला. मी घाटावरचा, मला काय कळणार काजूतलं! स्थानिक हवालदाराला पाठवलं. तो पाटी हुंगून आला आणि खरं आहे म्हणाला.

संध्याकाळी जबाबावर सही घ्यायला गुरुजींच्या घरी गेलो. पेन धरताना ते बोटं आखडून घेत होते. मी तळवा उघडायला लावला. सालं निघाली होती.

"जमीन आमची, नाव त्यांचं. इतिहासात काय लिहू?" एवढंच बोलले. त्या पोराला का गुंतवलंत, असं विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "तो तसाही मुंबईला जाणारच होता."

माझं डोकंच फिरलं. गुरुजींवर रीतसर कारवाई झाली. पडताळणीवर मी सही केली आणि ते सांगायला तरुणाला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, माझे हात आल्याआल्या बघितलेत. गुरुजींचे का नाही बघितलेत?"

खबर देणाऱ्यालाही पारखायचं असतं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. कोणाला पारखायचं मी विसरतो, ते त्या मुलाने शिकवलं. त्याची माफी मागायला हवी होती. वर्दीत होतो, मागितली नाही.